सुटी, सांदवाडी आणि शोधाचा खेळ

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून सरता सरता उघडतात. इथला उन्हाचा तडाखाच तसा आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर गेला तर कोणाला नवल वाटत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. ज्यांना जमतं ते या दिवसांत चिखलदरा, पचमढी गाठतात. आम्ही मात्र मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडतो, गडचिरोली मागे टाकतो आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागतो. तिकडे माझं माहेर आहे. आई, भाऊ, भावजय आणि आम्हा बहिणींची मुलं मिळून सुटीत घर भरून जातं.

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. ऊन तिथेही सोडत नाही, पण झाडांमुळे रात्र लवकर निवते आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं. त्यामुळे दिवसाची मांडणी आपोआप ठरते. सूर्य वर येईपर्यंत बाहेरची कामं, दुपारी घरात, आणि ऊन कलल्यावर पुन्हा बाहेर. आमच्या सुटीतले दोन मोठे आनंद याच वेळांत बसतात. पहाट सांदवाडीची आणि संध्याकाळ शोधाच्या खेळाची.

घरामागची भाजीपाल्याची जागा म्हणजे आमची सांदवाडी. कुंपण बांबूच्या ताट्यांचं, एका कोपऱ्यात मुनगा, दुसऱ्या कोपऱ्यात लिंबू, मध्ये वाफे. मे महिन्यात तिथे हिरवं काही टिकवणं हे खरं कसब आहे आणि ते मुलांच्या हाती द्यायचं, असं आईने ठरवून टाकलं आहे. प्रत्येक मुलाला एक वाफा. वांगी, भेंडी, गवार, अंबाडी यांपैकी जे हवं ते त्याने सांभाळायचं. पाणी उजाडायच्या आत घालायचं, कारण उन्हात घातलेलं पाणी मुळांपर्यंत पोचण्याआधीच उडतं. वाफ्यावर धानाची तणस पसरायची, म्हणजे माती झाकलेली राहते. कोवळ्या रोपांवर जांभळीच्या फांद्यांचा छोटा मांडव घालायचा.

भावाने मुलांना मडक्याचं सिंचनही शिकवलं. न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि माती जेवढी कोरडी तेवढंच ओढून घेते. माझ्या भाचीने मडक्याभोवती चार वेल लावले होते. त्यांच्या मुळ्या मडक्याला बिलगून वाढलेल्या तिने माती उकरून पाहिल्या, आणि पाणी कुठे आहे हे मुळांना कळतं, ही गोष्ट तिला कुठल्याही पाठाशिवाय समजली.

या सांदवाडीतलं बी विकतचं नसतं. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, त्याच्या जाळीत बी सुरक्षित राहतं. भोपळ्याचं बी राखेत घोळून फडक्यात बांधायचं. बरबटीचं आणि वालाचं बी तुंब्यात भरून चुलीच्या वरच्या आढ्याला टांगायचं, म्हणजे धुराने कीड लागत नाही. आईकडे असे कितीतरी तुंबे आणि पुरचुंड्या आहेत. कोणतं बी कोणाच्या घरून आलं, हेही तिला तोंडपाठ आहे. आमच्या खेळातला खजिना म्हणजे हेच बी.

खेळाची कल्पना भावाची. दुपारच्या वेळी मुलं मोबाईलमध्ये मान खाली घालून बसलेली त्याला बघवेनात. त्याने आईला हाताशी धरलं. दुपारभर दोघांनी मिळून चिठ्ठ्या तयार केल्या आणि ऊन उतरल्यावर पहिली चिठ्ठी मुलांच्या हातात ठेवली. एका चिठ्ठीचं उत्तर म्हणजे एक झाड किंवा एक जागा. तिथे पोचलं की पुढची चिठ्ठी. शेवटी खजिना.

खेळाआधी नियम ठरले आणि ते मोठ्यांनाही लागू झाले. गावठाण, बोडीची म्हणजे छोट्या तळ्याची पाळ आणि आमच्या शेताचे धुरे एवढ्याच भागात खेळायचं. जंगलाच्या काठाला उजाडण्याआधी किंवा अंधारात जायचं नाही. एक मोठा माणूस पुढे, एक मागे. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वाकून काम करणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं इथले जाणते सांगतात. मुलांना जंगलाची गोडी लावायची तर त्याचा धाकही सांगितला पाहिजे. दगडाखाली, ढोलीत हात घालायचा नाही हा दुसरा नियम. तिसरा आईचा. ती तिच्या बोलीत एवढंच म्हणाली, “आगुदर पाय, मंग हात लाव.” म्हणजे आधी पाहा, मग हात लाव.

पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘माझी फुलं कोणी तोडत नाही, ती रात्रीतून आपणहून खाली येतात.’ आमच्या धाकट्याने पारिजातक म्हटलं. माझी लेक मात्र थेट धुऱ्यावरच्या मोहाकडे पळाली. मोहाचा बहर मार्च-एप्रिलचा, तेव्हा झाडाखाली फुलं नव्हती, पण मामाने अंथरलेली जुनी लुगडी तिने आधी पाहिली होती. काही लोक फुलं स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग कधीकधी जंगलात शिरते. लुगडं किंवा जाळी अंथरली की पाला पेटवावा लागत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात. चिठ्ठी सोडवता सोडवता हे सगळं बोलणं झालं. मोहाला आता फळं धरली होती. त्यांच्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल निघतं हेही मुलांनी तिथेच ऐकलं.

दुसरी चिठ्ठी होती, ‘माझ्या अंगावर मगरीची कातडी आहे.’ मुलं एकेका खोडावर हात फिरवत गेली आणि ऐनाची चौकटी-चौकटीची साल त्यांना सापडली. तिसरीत पळस होता. त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं आणि वारा आला की शेंग बियासकट भिरभिरत दूर जाते. मुलांनी पाळीवर उभं राहून वाळक्या शेंगा हवेत सोडल्या आणि कोणाची किती लांब जाते ते पाहिलं. चौथीत सागाच्या कोंबाचं कोवळं पान होतं. ते चोळलं की बोटं लालभडक होतात. पाचवीत चाराचं झाड होतं. त्याची जांभळी-काळी फळं तोंडात टाकून गर खायचा आणि आतली कवची फोडली की चारोळी मिळते. बासुंदीवर दिसणारी चारोळी अशी एकेक दाणा फोडून निघते हे कळल्यावर माझ्या लेकीने त्या दिवशी एकही दाणा वाया घालवला नाही.

चाराखाली एक प्रश्न निघाला. भाच्याने विचारलं, “हे झाड कोणाचं?” भावाने त्याला त्याच रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट सांगितली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सगळ्यात आधी मिळवणाऱ्या गावांत ते आहे. २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात. जंगलातून काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय राखायचं हे गाव बसून ठरवतं. मुलांना ते लगेच पटलं, कारण त्यांच्या खेळातही नियम आधी ठरले होते. एका फांदीवरची सगळी फळं तोडायची नाहीत, हा चौथा नियम त्यांनी स्वतः घातला.

शेवटची चिठ्ठी परत सांदवाडीत घेऊन आली. ‘मी जमिनीत झोपलो आहे, पहिल्या पावसाने उठेन.’ उत्तर होतं काटवल. पावसाळा संपला की याचा वेल वाळून जातो, पण कंद मातीत जिवंत राहतो. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि जवळ नर वेल नसेल तर फळ धरत नाही. कुंपणालगत आईने खुणेच्या काड्या रोवल्या होत्या. तिथे मुलांनी अलगद माती सारली, कंद पाहिले आणि पुन्हा झाकले. शेजारी खजिन्याचा तुंबा ठेवलेला होता. प्रत्येकाला त्यातून एक पुरचुंडी मिळाली. अट एकच, मिळालेलं बी मृगात पेरायचं आणि त्याच्या दुप्पट बी पुढच्या सुटीत तुंब्यात परत आणायचं.

त्या रात्री अंगणात बाजा टाकून झोपताना मी मुलांना दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शिक्षण थोडं, जमीन जेमतेम. १९८३ मध्ये त्यांच्या धानाच्या बांधीत, पटेल-३ जातीच्या पिकात, त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, पुढच्या हंगामांत पुन्हा पुन्हा पेरून निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार एचएमटी तांदूळ तयार झाला. घड्याळाच्या लोकप्रिय नावावरून पडलेलं हे नाव आज अनेक राज्यांतल्या बाजारात आहे. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. आयुष्यभर त्यांनी धानाच्या आणखीही जाती निवडल्या. हजारो लोंब्यांत वेगळी लोंबी ओळखणारी त्यांची नजर रोज शेतात बारकाईने पाहण्यातून घडली होती. मुलांच्या अंगी ती नजर यावी, एवढीच या खेळाकडून माझी अपेक्षा आहे.

एका सुटीत आम्ही हा खेळ दूरवर नेला. आलापल्लीच्या उंच सागांच्या जंगलातून दक्षिणेला जात सिरोंचा गाठलं. प्राणहिता आणि गोदावरीच्या या कोपऱ्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. मुलांना कोडं दिलं होतं, ‘दगडात लाकूड शोधा.’ दुरून सगळे दगडच वाटतात. जवळ गेल्यावर खोडाचा घेर आणि लाकडाची रेघ दिसू लागते. याच सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्ली परिसरात १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांना अवाढव्य डायनासोरची हाडं मिळाली. १९७५ मध्ये त्या प्राण्याला रवींद्रनाथ ठाकुरांच्या स्मरणार्थ ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव दिलं गेलं, आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमहून आम्ही दगडाचा एक कपचाही उचलला नाही. मुलांनी वहीत चित्रं काढली आणि खजिना तिथेच राहू दिला. पाहायचं, ओळखायचं आणि जागच्या जागी ठेवायचं, हा खेळाचा सगळ्यात अवघड भाग आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो. शाळा उशिरा उघडत असल्याने इथल्या मुलांना पहिला पाऊस गावात भेटतो. त्याच सुमारास झुडपांतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. शेतात धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते. मुलं आपापली पुरचुंडी सोडतात आणि कुंपणालगत बी टोकतात. आम्ही चंद्रपूरला परतल्यावर फोनवर पहिला प्रश्न असतो तो वेलाचा. मामाने फोटो पाठवला की घरात दिवाळी होते. चंद्रपूरच्या घरीही आता गच्चीवर कुंड्यांत दोडका आणि बरबटी आहे. त्यांचं बी राखायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलं आहे.

माझी मुलांच्या आईबापांना आणि आजी-आजोबांना कळकळीची विनंती आहे. सुटीचे सगळे दिवस शिबिरांना आणि पडद्याला देऊ नका. गाव असेल तर गावी जा, नसेल तर गल्लीतली झाडं पुरतात. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला चिठ्ठ्या लिहायला बसवा, कारण झाडांची, बियांची माहिती त्यांच्याकडे आहे आणि ती विचारणारं कोणी हवं आहे. जंगलालगत राहत असाल तर वेळेचे आणि हद्दीचे नियम कडक पाळा. आणि खजिन्यात चॉकलेटऐवजी मूठभर गावरान बी ठेवा. ते पहिल्या पावसात मातीत गेलं पाहिजे आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घरात आलं पाहिजे.