संक्रांतीच्या आत

भिगवण,
8 जानेवारी 2026

ती. दादास,


फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र पोराच्या हाती पाठवतेय. संक्रांतीच्या आत तुझ्या पोरीला नांदायला घाल, म्हणालास. दादा, मी घालणार नाही. करमाळ्याच्या बाजूनं होडीत बसून, अंगावरच्या कपड्यांनिशी ती माझ्या दारात आली. दोन दिवस तिला डावा हात वर उचलवत नव्हता. वेणी मीच घातली.

गेल्या मे महिन्यात मुळशीतल्या सुनेच्या मृत्यूची बातमी वाचून तू जेवला नव्हतास. 51 तोळे सोनं, गाडी दिली असं तिचे माहेरचे सांगत होते. त्याच घरातल्या थोरल्या सुनेनं महिला आयोगाकडे आधीच तक्रार केली होती. तेव्हा तूच म्हणालास, वेळेत माघारी आणायला पाहिजे होती. आपली तर आपल्या पायांनी आलीय.

केस केली की संसार मोडला, ही तुझी भीती. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तसा नाही. अर्ज केला म्हणून जावयाला लगेच कोणी आत टाकत नाही. संरक्षण अधिकारी तिचं म्हणणं लिहून घेतात, मॅजिस्ट्रेट मारहाणीला मनाई करतात; ती मोडली तर मात्र वर्षापर्यंत कैद. पोटगी मागता येते, स्त्रीधन परत मागता येतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क ती मागू शकते, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. आणि सध्या जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. करमाळ्याला जायला नको, आपलं इंदापूर आहे.

सरकारवर माझा राग आहेच. कायदा म्हणतो 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करा; तारखा मात्र लांबतच जातात. बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धचं राज्याचं शक्ती विधेयक 2021 च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, कायदा झालाच नाही. 2024 मध्ये बारामतीत तक्रारीसाठी शक्ती पेट्या आल्या. चांगलं झालं. पण चिठ्ठी टाकून घरी आलेल्या पोरीला घरच्यांनीच गप्प बसवलं, तर ती पेटी काय करील?

मंगळवारी आम्ही इंदापूरला निघतोय. भोगी आहे, पण पुढं ढकलायचं नाही. सराफाच्या पावत्या आणि लग्नातले फोटो घेऊन ये. वहिनीलाही आण. झोपेत पोर तिलाच हाक मारते.

तुझी,
धाकटी