फिरतें पातें

कात्र्यांना आणि विळ्यांना धार लावून देणारा फिरस्ता आमच्या गल्लींत अजूनहि वर्षांतून दोन-तीनदां येतो. सायकल जागेवर उभी करून त्यानें पायडल मारलें कीं दगडी चाक फिरूं लागतें, ठिणग्या उडतात आणि शेजारपाजारच्या बायका कात्र्या घेऊन खालीं येतात. संस्कृतांत ज्यास शाण म्हणतात तो हाच. परंतु आमच्या घरांत एक हत्यार असें आहे कीं त्यापुढें या शाणाचें कांहीं चालत नाहीं, आणि त्यावरून आमच्या एकत्र कुटुंबांत बरेच दिवस मतभेद चालू होता.

तें हत्यार म्हणजे रोटरी कटर. माझी थोरली सून क्विल्ट शिवते. आपली गोधडी म्हणजे जुनीं लुगडीं व धोतरें थरांवर थर घालून धावदोऱ्यानें एकजीव केलेली; तींत एखादें ठिगळ चार बोटें इकडेतिकडे झालें तरी तिची ऊब कमी होत नाहीं. क्विल्टचा कारभार निराळा. एकाच मापाचे शंभर-दीडशें चौकोन कापावयाचे आणि पाव इंच शिवण धरून जोडावयाचे. प्रत्येक चौकोन एक मिलिमीटर चुकला तर वीस चौकोनांच्या रांगेंत दोन सेंटिमीटरांचें अंतर पडतें, व पुढील रांगेशीं कोपरे जुळत नाहींत. म्हणून कात्रीऐवजीं हें दांडा असलेलें चाक. खालीं जाड मॅट, वर ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी, आणि पट्टीच्या कडेनें चाक फिरवीत नेलें कीं कापडाचे चार-चार थर एकदम सरळ कापले जातात. पातें १८, २८, ४५ व ६० मिलिमीटर व्यासांचें मिळतें. आमच्याकडे ४५ चें आहे. जाडी इतकी थोडी कीं कडेनें पाहिलें तर दिसूं नये.

हें चाक जपानांतील ओसाका येथलें. तेथील योशिओ ओकादा नांवाचे गृहस्थ छापखान्यांत कागद कापण्याचें काम करीत. पात्याचें टोंक तेवढें बोथट होई आणि बाकीचें चांगलें पातें फुकट जाई. जोडे करणारे कारागीर कांच फोडून तिच्या ताज्या कडेनें काम करतात हें, आणि चॉकलेटच्या वडीवरील मोडण्याच्या खांचा, या दोन गोष्टींवरून त्यांस सुचलें कीं पात्यावरहि अशा खांचा पाडाव्या व बोथट झालेला तुकडा मोडून टाकावा. १९५६ सालीं त्यांनीं तसा चाकू केला. पुढें त्यांच्याच ओल्फा कंपनीनें १९७९ सालीं रोटरी कटर काढला, आणि अमेरिकेंतील क्विल्ट शिवणाऱ्या स्त्रियांनीं तो उचलून धरला. कंपनीच्या नांवांतच जपानी भाषेंतील ‘मोडणें’ आणि ‘पातें’ हे दोन शब्द आहेत. धार गेली कीं तेवढें काढून टाकावें, हा या घराण्याचा मूळचाच विचार.

आमच्या वहिनींस, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नींस, तो मान्य नव्हता. त्यांनीं जन्मांत एक सुई मोडल्याखेरीज दुसरी काढली नाहीं. “भाऊजी, अखंड दिसणारें पातें टाकून द्यायचें, हा कुठला न्याय?” असें त्या म्हणत. सून म्हणे, पातें अडखळलें कीं बदलावें. दोघींनाहि मीं एकच सांगितलें : कापडांत न कापलेले धागे कोठें राहतात तें अगोदर पाहा. ४५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारें १४१ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच इंच होतो. धागे जर दर साडेपांच इंचांवर राहत असतील, तर धार एकाच जागीं तुटली आहे. चाक बहुधा टांचणीवरून गेलेलें असतें. धागे वाटेल तेथें राहत असतील, तर पातें सर्वत्र बोथट झालें आहे, किंवा नुसतें मळलें आहे. तेच धागे मॅटच्या एका ठराविक रेषेवर राहत असतील, तर दोष पात्याचा नव्हेच. तेथें मॅटला चर पडला आहे. इयत्ता सातवींतल्या परिघाच्या गणिताचा घरांत असा उपयोग होईल असें माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कोणासहि वाटलें नसेल.

मळलेलें पातें टाकणें हा मात्र खरोखरच अपव्यय. कापडाचा बारीक भुगा पातें व त्याचें झांकण यांच्यामध्यें दाटतो आणि चाक मोकळेपणीं फिरत नाहीं. न फिरणारें चाक एकाच जागीं घासलें जाऊन झिजतें. तेव्हां महिन्यांतून एकदां तें उघडावें. स्क्रू, पातें, दांडा, वांकडा वायसर, नट, हे ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें फडक्यावर मांडावेत आणि उलट क्रमानें बसवावेत. जटापाठ शिकलेल्यास हें सांगावें लागत नाहीं. वायसरचा उंचवटा कोणत्या बाजूस होता तें मात्र ध्यानांत ठेवावें. पातें मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे पुसावें, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावावा, जास्त झालेलें तेल टिपून घ्यावें, नाहीं तर पहिल्याच कापडावर डाग पडतो. नट फार आवळला तर चाक अडतें, सैल राहिला तर डुलतें. नवीं पातीं तेलानें एकमेकांस चिकटलेलीं असतात. एकाऐवजीं दोन बसलीं तर कांहीं केल्या सरळ कापत नाहींत.

धार लावण्याचे उपायहि पुष्कळजण सांगतात. आमचे वडील दाढीचें पातें कांचेच्या पेल्याच्या आंतल्या अंगास घासून आणखी आठवडाभर चालवीत. या चाकासाठीं ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या घड्या कापाव्या म्हणतात. मीं करून पाहिलें. कडेचा किंचित् खरखरीतपणा गेला. तुटलेली धार कांहीं परत आली नाहीं. तें पातें आम्ही कागद कापण्यास ठेवलें.

वहिनींचा विरोध मावळला तो माझ्या गणितानें नव्हे. गेल्या पावसाळ्यांत धाकट्या सुनेच्या डाव्या तर्जनीस तीन टांके पडले. त्या दिवशीं कटरांत जुनें पातें होतें. बोथट पातें कापीत नाहीं म्हणून हात जोर करतो, जोरानें पट्टी सरकते, आणि पट्टीवर तर बोटें असतात. वहिनींनीं तिची जखम स्वतः बांधली, कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यांनीं विचारलें, “बरें, बदलूं म्हणतां, पण टाकलेलें पातें जाईल कुठें? सकाळीं कचरा न्यायला येणाऱ्या ताई तो हातांनीं निवडतात.”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर तयार नव्हतें. तें त्यांनींच काढलें. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेतला, झांकणास पातें जाईल एवढी फट पाडविली, कडा चिकटपट्टीनें बंद केल्या आणि त्यावर तेलरंगानें ‘धारदार पातीं’ अशीं ठळक अक्षरें काढलीं. दाढीचीं पातीं आणि मोडक्या सुयाहि आतां त्यांतच जातात. भरला म्हणजे तो कचऱ्यांत न टाकतां ताईंच्या हातीं वेगळा द्यावयाचा, आंत काय आहे तें सांगून, असें ठरलें आहे. डबा वहिनींच्या खोलींत असतो. सून पातें घेऊन गेली म्हणजे त्या आधीं तें उजेडाकडे धरतात आणि विचारतात, “धागे किती इंचांवर राहिले?” उत्तर मनाजोगें आलें तरच झांकण पुढें करतात.