न थांबणारा पंखा

आमच्या बेळगाव-खानापूरच्या मुलखात थंडी कितीही बोचरी असली, तरी एक कांबळे आणि अंगणातली शेकोटी एवढ्यावर ती निभावते. कॅनडाची गोष्ट निराळी. टोरांटोच्या परिसरात जानेवारी महिन्यात पारा कित्येकदा शून्याखाली १० ते १५ अंश उतरतो आणि सबंध घरच तापवावे लागते. आपल्या गावांतील पुष्कळ मुलांनी आता तेथे संसार थाटले आहेत व ती आईवडिलांसही बोलावून घेतात. म्हणून त्या घरांच्या तळघरातील एका यंत्राविषयी वाचकांशी दोन शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते.

ह्या यंत्राला तेथे फर्नेस म्हणतात. आपण भट्टी म्हणू. हिच्यात गॅसच्या ज्योतींनी पोलादी पोकळ नळ्या तापतात. ज्योतींचा धूर निराळ्या नळीने घराबाहेर जातो आणि एक मोठा पंखा घरातील हवा त्या तापलेल्या नळ्यांवरून फिरवून खोल्याखोल्यांत पोचवितो. भिंतीवरील थर्मोस्टॅट हा ह्या साऱ्याचा मुकादम होय. घर पुरेसे तापले की तो ज्योत विझवितो. परंतु उरलेली ऊब वाया जाऊ नये म्हणून पंखा आणखी २-३ मिनिटे फिरतो व मग थांबतो. एवढे फिरणे हा दोष नव्हे. तो थांबतच नाही, तेव्हा मात्र पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात आम्ही तिकडील एका पॅरिशमध्ये मदतीस होतो. खानापूर तालुक्यातील एक वृद्ध दांपत्य तेथे मुलाच्या घरी राहत होते. मुलगा व सून कामानिमित्त परगावी गेली होती. आम्ही भेटीस गेलो, तो दोघेही स्वेटरवर स्वेटर चढवून स्वयंपाकघरात बसलेली. पंखा दोन दिवस अखंड फिरत होता. आरंभी मधूनमधून कोमट हवा येई, पुढे नुसतीच गार.

“बाबा, मुलाला का नाही कळविले?” आम्ही विचारले.

“फादर, एवढ्याशा गोष्टीसाठी पोराला कशाला घोर लावायचा? आणि कारागीर किती डॉलर मागेल कोण जाणे!”

ओळखीचा एक तरुण येऊन गेला होता. भट्टीतील एका बटणाच्या दोन तारा परस्पर जोडून देतो, असे तो म्हणाला. पण आजीबाईंनी त्यास हात लावू दिला नाही. त्या बाईंनी केवढे अरिष्ट टाळले, हे पुढे कळेल.

आम्ही प्रथम थर्मोस्टॅट पाहिला. त्यावर पंख्याची एक कळ असते. ती ‘ऑन’वर असली तर पंखा रात्रंदिवस फिरतो, ‘ऑटो’वर असली तर ज्योतीच्या मागोमाग चालतो व थांबतो. येथे ती ‘ऑटो’वरच होती. मग भट्टीची वीज बंद करून हवेची गाळणी बाहेर काढली. तिच्यावर धुळीची जाड घोंगडीच चढली होती! गाळणी तुंबली की हवा पुरेशी जात नाही, नळ्या अतोनात तापतात, आणि उष्णतेवर पहारा करणारे एक बटण ज्योत विझवून पंखा चालू ठेवते. नळ्या निवाव्यात, एवढाच त्याचा हेतू. जवळच ठेवलेली नवी गाळणी आम्ही बसविली. तरीही पंखा थांबेना. तेव्हा मात्र बाबांकडून मुलाला फोन करविला.

मुलाने धाडलेला कारागीर तासाभरात आला. वारंवार उघडून ते पहारेकरी बटण निकामी झाले होते. नळ्या निवल्या तरी ते मिटत नव्हते. त्याने ते बदलले, नळ्यांना चीर गेली नाही ना हेही पाहिले. मग ज्योत पेटली, घर तापले आणि पंखा आपोआप थांबला.

त्या तारा जोडल्या असत्या तर पहाराच उठला असता. अतितापाने नळ्यांना चीर गेली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस उठतच नाही. उलटपक्षी, भट्टी फार वेळ बंद ठेवावी, तर कडक थंडीत पाण्याचे नळ गोठून फुटतात. कधी थर्मोस्टॅटची तार वा भट्टीतील विजेची पाटीही बिघडते. ते काम जाणत्या कारागिराचेच. आणि गॅसचा वास आला, तर काहीही न चाचपता प्रथम घराबाहेर पडावे व बाहेरूनच मदत मागावी.

परदेशी असलेल्या आमच्या मुलांनो, आईवडील आले की पहिल्याच आठवड्यात त्यांस तळघरात न्या. कळ कोणती, गाळणी कोठे, वीज कोठून बंद होते, हे दाखवा. साध्या पातळ गाळण्या १ ते ३ महिन्यांनी बदला. कारागिराचा फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावा. आणि वडीलधाऱ्या मंडळींनो, घर गार पडले हे मुलास सांगणे म्हणजे त्यावर भार टाकणे नव्हे. दोन दिवस तुम्ही कुडकुडलात, हे त्याला मागाहून कळले, तर ते दुःख त्याला कारागिराच्या बिलाहून कितीतरी जड जाईल.