मुलगी काय करते?

माणूस काय करतो, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले पाहिजे, अशी आपल्या मध्यमवर्गाची जुनी शिस्त आहे. डॉक्टर, मास्तर, बँकेत, रेल्वेत. 'बँकेत' एवढे म्हटले की पुढचे सारे प्रश्न मिटतात; तिथे तो कर्जे मंजूर करतो की खतावण्यांची धूळ झटकतो, याची चौकशी कोणी करीत नाही. माझी स्वतःची चौतीस वर्षे अशाच एका शब्दात निघून गेली. आमच्या धाकट्या मुलीने मात्र आमची पंचाईत करून ठेवली आहे. ती विनोद लिहिते, लिहिलेले स्वतः रंगमंचावर उभी राहून करून दाखवते, आणि शिवाय एक पॉडकास्ट चालवते. धंदे तीन, आणि सांगायला एकही शब्द नाही!

मध्यंतरी एक गृहस्थ आपल्या भाच्याचे स्थळ घेऊन आले होते. त्यांनी रीतसर विचारले, "मुलगी काय करते?"

"विनोद लिहिते," आमच्या सौ.नी सांगितले.

गृहस्थ मनापासून हसले. मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाले, "ते झालं हो. पण नोकरी कुठं?"

नोकरी होती. एका कार्यक्रमाच्या लेखकांत ती होती आणि महिन्याच्या महिन्याला पगारही येत असे. पण गेल्या वर्षी तो कार्यक्रम एका संध्याकाळी बंद झाला आणि ती दोन वह्या व चहाचा कप पिशवीत घालून घरी आली. लगेच घरात सभा भरली. माझे मेव्हणे म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही, बी.एड. करून टाक." मुलगी कोणाशी काही बोलली नाही. रात्री मला एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा कॉनन ओब्रायनचं काय झालं ते बघा."

निवृत्त माणसाच्या हाती पुन्हा एखादी फाईल आली की तो सुखावतो. मीही त्या अमेरिकन गृहस्थाचे सारे प्रकरण पहिल्यापासून उलगडायला बसलो.

हा १९६३ साली बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे जन्मला. वडील डॉक्टर आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापक, आई वकील, भावंडे सहा. हार्वर्डमध्ये तो इतिहास आणि साहित्य शिकला. पण मन रमले 'हार्वर्ड लॅम्पून' या विद्यार्थ्यांच्या विनोदी मासिकात. दोन वेळा तो त्याचा अध्यक्ष झाला. १९८५ मध्ये पदवी घेतली आणि टेलिव्हिजनसाठी विनोद लिहायला लॉस एंजेलिसला निघून गेला. त्या दिवशी डॉक्टर-वकिलाच्या घरात काय बोलणे झाले असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. भाषा इंग्रजी असेल, एवढाच फरक.

१९८८ मध्ये तो 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या गाजलेल्या कार्यक्रमाच्या लेखकांत दाखल झाला. त्याच वर्षी लेखकांचा संप झाला, तेव्हा हा हात बांधून बसला नाही. शिकागोत सोबत्यांना घेऊन रंगमंचावर प्रहसने करू लागला. पुढे १९९१ पासून दोन वर्षे 'द सिम्पसन्स' या व्यंगचित्रमालिकेसाठी लिहिले. एका गोडबोल्या विक्रेत्याच्या नादी लागून गावाने हौसेने मोनोरेल बांधायला घेतली, अशी त्याची एक कथा तिकडे अजून नावाजली जाते. मुंबईकरांना ती समजावून सांगायला नको!

येथवर हा पडद्यामागचा माणूस. १९९३ मध्ये डेव्हिड लेटरमन हा मोठा नट-निवेदक दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि एनबीसीवरची त्याची मध्यरात्रीची जागा रिकामी झाली. ती मिळाली या तीस वर्षांच्या, जवळजवळ अनोळखी लेखकाला. पहिल्या दिवसांत टीकाकारांनी त्याला धुऊन काढले. काही काळ तर वाहिनी तेरा-तेरा आठवड्यांचीच मुदत वाढवून देई. आमच्या कचेरीत हंगामी कारकुनांना असे ठेवीत. त्यांचा चेहरा मला आठवतो. अशा टांगत्या तलवारीखाली बसून हा रोज रात्री लोकांना हसवीत होता. हळूहळू जम बसला आणि त्या खुर्चीत त्याने सोळा वर्षे काढली.

मग खरी परीक्षा आली. 'द टुनाइट शो' ही तिकडच्या विनोदवीरांची पंढरीच. ती गादी २००९ मध्ये तुला देऊ, असे वाहिनीने त्याला २००४ मध्येच कबूल केले होते. पाच वर्षे वाट पाहून १ जून २००९ रोजी तो गादीवर बसला. सात महिने झाले नाहीत तोच वाहिनीने ठरवले की, आधीचे गादीधारक जे लेनो यांना पुन्हा रात्री ११.३५ ला आणावे आणि याला १२.०५ ला सरकवावे. तीस मिनिटांचा तर प्रश्न! पण त्याने जाहीर पत्र लिहून कळवले की, मध्यरात्रीनंतर सुरू होणारा 'टुनाइट शो' हा 'टुनाइट शो' नव्हेच. २२ जानेवारी २०१० ला त्याने निरोप घेतला. त्या रात्री त्याने तरुण प्रेक्षकांना विनवले की, बाबांनो, कडवट होऊ नका. आयुष्यात कोणालाच ठरवले तसे नेमके मिळत नसते.

हे मी दोनदा ऐकले. बढतीच्या यादीतून नाव गळालेला माणूस निरोपसमारंभात काय बोलतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. असे बोलताना कोणाला पाहिले नव्हते.

करारामुळे काही महिने त्याला टेलिव्हिजनवर दिसण्यास बंदी होती. तेव्हा त्याने गावोगावी दौरा काढला आणि दौऱ्याच्या नावातच सांगून टाकले की, दूरचित्रवाणीवर विनोद करण्यास मला कायद्याने मनाई आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये टीबीएस या लहान वाहिनीवर नवा कार्यक्रम सुरू झाला, तो जून २०२१ पर्यंत चालला. त्याआधीच, २०१८ मध्ये, त्याने पॉडकास्ट सुरू केला होता. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'कॉनन ओब्रायनला मित्र हवा आहे'. इतकी वर्षे एवढे पाहुणे शेजारी येऊन बसले, हसले, आणि दिवे मालवताच उठून गेले. त्यांतला मित्र कोण झाला, अशी ती कल्पना.

पॉडकास्ट म्हणजे काय, ते मला आधी उमगत नव्हते. ऐकल्यावर कळले की ही आपली श्रुतिकाच. फक्त वेळ आकाशवाणी ठरवीत नाही, आपण ठरवतो. मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागले की प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी कसे आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसत! इथेही तसेच. कॉननची मदतनीस सोना आळशी असल्याचा विनोद त्यात वर्षानुवर्षे चालू आहे. तिने तर 'जगातील सर्वांत वाईट मदतनीस' अशा नावाचे पुस्तकच लिहिले. पुढे तो आपल्या श्रोत्यांना भेटायला नॉर्वे, थायलंड, अर्जेंटिनापर्यंत गेला. २०२२ मध्ये त्याची ही सारी कंपनी एका मोठ्या रेडिओ संस्थेने विकत घेतली. मार्च २०२५ मध्ये त्याने ऑस्कर समारंभाचे सूत्रसंचालन केले आणि त्याच महिन्यात त्याला मार्क ट्वेन पुरस्कार मिळाला. त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याचे वडील आणि आई तीन दिवसांच्या अंतराने गेले होते. हसवणाऱ्याला रजा नसते, हे मला तेव्हा उमजले.

फाईल मिटण्यापूर्वी दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एक कॉनन दिसतो. न दिसलेले किती असतील! त्याच्या पाठीशी हार्वर्ड होते आणि एनबीसी सोडताना मोठी रक्कम हाती आली होती. आमच्या मुलीचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचे कपाट. आत गोधड्या टांगल्या आहेत, कारण त्यांनी आवाज घुमत नाही. मुद्रण चालू असता कुकर लावायचा नाही, असा घरात कायदा आहे. त्यामुळे मंगळवारी वरणभात नऊ वाजता मिळतो. जाहिरात अधूनमधून मिळते. तिचा एक प्रयोग मी मागच्या रांगेत बसून पाहिला. पहिली दहा मिनिटे कोणी हसले नाही. ती घाम पुशीत उभी राहिली, वाक्य बदलले, पुन्हा म्हणाली, आणि लोक हसले. तेवढ्या वेळात माझे दोन्ही हात गार पडले होते.

म्हणून मी मेव्हण्यांना एवढेच सांगितले की, बी.एड.चा विषय दोन वर्षे काढायचा नाही. दोन वर्षे जेवण आणि छप्पर आमचे, बाकी तिचे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि तिलाही नाही. पण त्या लाल केसांच्या उंच माणसाच्या फाईलीत एक गोष्ट स्वच्छ दिसली. खुर्ची वाहिनीची होती, वेळ वाहिनीची होती, कार्यक्रमाचे नावसुद्धा वाहिनीचे होते. तो उठला तेव्हा ते सारे तिथेच राहिले. वाक्य बदलून पुन्हा म्हणायची विद्या तेवढी त्याच्याबरोबर दाराबाहेर आली. माझ्या चौतीस वर्षांची खुर्ची मी निघालो त्या संध्याकाळीच दुसऱ्याला मिळाली. मुलीच्या पिशवीतून मात्र दोन वह्या घरी आल्या होत्या, आणि त्यांतली एक अजून कोरी आहे.