झाडाची बदली होत नाही



आम्हा शिक्षकांची नोकरी बदलीची. मी मूळची येवला तालुक्याच्या पूर्व भागातली. पहिली नेमणूक मिळाली ती इगतपुरी तालुक्यात, भाताच्या गावात. नंतर काही वर्षे त्र्यंबकेश्वर तालुक्यात काढली, आणि आता निफाड तालुक्यात, गोदाकाठी, तुमच्यात आहे. चारही तालुके आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. पण पाण्याची तऱ्हा मात्र चार ठिकाणी चार. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; येवल्याकडे ५०० मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात, औंदा बरं झालं. एसटीने गेले तर अर्ध्या दिवसाचा रस्ता, आणि एवढा फरक!

जिथे गेले तिथे मी माझ्या सवयी बदलल्या. इगतपुरीला चार महिने कपडे वाळत नसत, तर माहेरी आंघोळीचे पाणी साठवून ते झाडाला घालायची रीत. माणसाचे हे असे असते. जमेल तसे जमवून घेतो, नाहीच जमले तर गाठोडे बांधून दुसरीकडे जातो. झाडाला ते करता येत नाही. बी जिथे पडले तिथेच जन्म काढायचा. झाडाची बदली होत नाही.

मग झाड काय करते? ते आपले अंगच त्या जागेला साजेसे करून घेते. एका जन्मात नव्हे बरे का! हजारो-लाखो वर्षे, पिढ्यामागून पिढ्या हे चालते. ज्या रोपाला त्या जागी तग धरता आला त्याचे बी पुढे गेले, ज्याला आला नाही ते संपले. तुमच्या पुस्तकात यालाच 'अनुकूलन' म्हटले आहे. शब्द जड आहे, पण गोष्ट तुमच्या शेताच्या बांधावरच उभी आहे.

कोरड्या रानातली काटकसर

आमच्या माहेरच्या बांधावर फड्या निवडुंग आहे. त्याला पाने कुठे आहेत? नाहीत. जे काटे आहेत तीच त्याची पाने. पान मोठे असले की त्यातून पाण्याची वाफ जास्त उडते, म्हणून त्याने पानांचे काटे करून टाकले. मग अन्न कोण तयार करते? ते हिरवे, जाड, तळहातासारखे फडे. ते फडे म्हणजे त्याचे खोड, आणि तीच त्याची पाण्याची टाकीही. वरून मेणाचा थर, त्यामुळे आतले पाणी सहसा उडून जात नाही.

खरी गंमत पुढे आहे. झाडाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यातून झाड हवा घेते, आणि त्याच वेळी पाण्याची वाफ बाहेर पडते. बहुतेक झाडांची छिद्रे दिवसा उघडी असतात. निवडुंग मात्र दिवसा तोंड मिटून बसतो आणि रात्री गार झाल्यावर उघडतो. रात्री हवा घेऊन ठेवायची आणि दिवसा उजेडात तिचे अन्न करायचे, असा त्याचा कारभार.

माझी आई १९७२ च्या दुष्काळाचे सांगायची. गुरांना वैरण नव्हती. तेव्हा निवडुंगाचे काटे विस्तवावर भाजून, फडे कापून जनावरांपुढे टाकत. आई म्हणायची, "त्यानं साठवलं, म्हणून आपल्या गाईच्या पोटात गेलं." ज्याला आपण निवडुंग म्हणून नाक मुरडतो, त्याच्या काटकसरीवर त्या वर्षी जनावरे जगली.

बाभळीचे पाहा. पान म्हणजे नुसती बारीक पिसे, पण मुळे खोल, खोल गेलेली. मका आणि ज्वारी तर याहून चतुर. दुपारी ऊन तापले आणि जमिनीत ओल कमी असली, की त्यांची पाने पुंगळीसारखी गुंडाळली जातात. पिकाने पाणी मागितले, असे तुमचे वडील म्हणतात ना, ते यावरूनच.

चाळीतला कांदा कशाची वाट पाहतो?

लासलगावची कांद्याची बाजारपेठ आपल्या घराजवळची. तुम्ही कांदा लावताना, काढताना, चाळीत भरताना पाहिलेला आहे. पण कांदा म्हणजे झाडाचा कोणता भाग, असे वर्गात विचारले, तेव्हा निम्म्या मुलांनी "मूळ" असे उत्तर दिले. मूळ नव्हे! कांदा म्हणजे पानांची जाड झालेली बुडे. मुळे त्याच्या खाली असतात, ती मिशीसारखी.

कांद्याचे पूर्वज मध्य आशियाच्या कोरड्या मुलखातले. तिथे थोडे दिवस ओल, मग लांबलचक कोरडा काळ. तेव्हा ओल आहे तोवर पानांच्या बुडाशी अन्नपाणी साठवायचे, वरची पात वाळू द्यायची, बाहेरून कागदासारखी साल पांघरायची आणि निजायचे. पुन्हा चांगले दिवस आले की उठायचे. आपण उन्हाळी कांदा चाळीत पाच-सहा महिने ठेवू शकतो तो कांद्याच्या या निजण्यामुळे. पावसाळ्याच्या शेवटी चाळीतल्या कांद्याला कोंब फुटतो. शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण भाव गेला. पण कांद्याच्या बाजूने विचार करा. तो विकला जाण्यासाठी थांबला नव्हता. उगवण्यासाठी थांबला होता.

द्राक्षाची गोष्ट उलटी. थंड देशात हिवाळ्यात द्राक्षवेल पाने टाकून झोपते आणि वसंतात जागी होते. निफाडची थंडी कितीही प्रसिद्ध असली तरी वेलीला झोपवण्याएवढी नाही. म्हणून तिची झोप-जाग आपले शेतकरी कात्रीने सांभाळतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, तीही याचसाठी. आणि आपल्या खारवट जमिनीत, कमी पाण्यात वेल टिकावी म्हणून खाली डॉगरीज नावाच्या जंगली द्राक्षाचे मूळ आणि वर गोड द्राक्षाची कलम. परगावच्या झाडाची माणसाने बदली केली, तर अशी जन्मभर सेवा करावी लागते.

पाण्यातल्यांचे दुखणे वेगळे

आता तुम्ही म्हणाल, पाण्यातल्या वनस्पतींना काय, मजाच मजा! तसे नाही. त्यांना पाणी भरपूर, पण हवा तोकडी. चिखलात हवा जवळजवळ नसतेच, आणि मुळांनाही श्वास लागतो.

इगतपुरीला मी पहिल्यांदा आवणी पाहिली. गुडघाभर चिखल, वर पाणी, आणि त्यात भाताची रोपे ताठ. मनात आले, आमच्या बाजरीत एवढे पाणी चार दिवस साचले तर ती पिवळी पडून सडते. मग हा भात का सडत नाही? कारण भाताच्या खोडापासून मुळापर्यंत हवेच्या बारीक नळ्या असतात. वरची हवा त्या नळ्यांतून खाली चिखलात पोचते.

कमळाचेही तसेच. देठ आडवा कापला तर आत भोकेच भोके दिसतात. ती त्याची हवेची वाट. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, कारण तिकडे सावली. कमळाच्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, म्हणून त्याची छिद्रे वरच्या बाजूला. ती पाण्याने बुजू नयेत म्हणून वर मेण, त्यामुळे थेंब पडला की मोत्यासारखा घरंगळतो.

पाण्याखाली वाढणारी हायड्रिला, जिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, ती तर अगदी लेचीपेची. पाण्याबाहेर काढली की हातात लोळागोळा होते. तिला ताठ खोड हवेच कशाला? पाणीच तिला धरून ठेवते. पाने बारीक, म्हणजे प्रवाहात फाटत नाहीत. जमिनीवरचे झाड लाकूड कमावते, पाण्यातले लवचिकपणा कमावते.

अंजनेरीचा पाहुणा

अंजनेरीचे पठार मात्र ना धड जमीन, ना धड पाणी. कातळावर वीतभरसुद्धा माती नाही. पावसाळ्यात सगळीकडे पाणी झिरपते आणि दिवाळीनंतर नुसता तापलेला दगड. तिथे 'सीतेची आसवे' नावाची इवलीशी निळी-जांभळी फुले येतात. त्या मातीत खत नाही, म्हणून या वनस्पतीने ओल्या मातीत बारीक पिशव्या लावून ठेवल्या आहेत. त्यात सूक्ष्म जीव अडकतात आणि ती ते पचवते.

तिथेच एक कंदीलफूल उगवते. शास्त्रज्ञांनी २००६ साली त्याचे वर्णन करून त्याला जे नाव दिले, त्यात अंजनेरीचेच नाव आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. फूल कंदिलासारखे. आत बारीक माशी शिरते, खाली झुकलेल्या केसांमुळे थोडा वेळ अडकते, परागकण घेऊन मग सुटते. पावसाळा संपला की वरचे झाड वाळून जाते आणि उरतो तो मातीतला कंद. आठ महिने तो तसाच गप्प पडून राहतो.

आपल्या वर्गात दिवाळीनंतर सुरगाण्याकडची मुले येतात, आईवडील द्राक्षबागेत कामाला येतात म्हणून. त्यातल्या एका मुलीला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं पाऊस पडला का सगळ्यांच्या आधी कंदाचीच पानं वर येत्यात. त्याला उशीर करून चालत नाही ना." किती खरे बोलली! चार महिन्यांत पान, फूल, बी, पुन्हा साठवण, एवढे सगळे उरकायचे असते.

पण विचार करा. हे कंदीलफूल अंजनेरीच्या पठारासारख्या मोजक्याच जागी राहते. वणवा लागला, कुणी कंद उकरले, पठार गाड्यांखाली तुडवले गेले, तर ते कुठे जाईल? सरकारने अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र केले आहे. पण राखायचे काम शेवटी तिथे पाय ठेवणाऱ्यांचेच.

जलपर्णीला उपटायची कशाला?

आता आपल्या दाराशी या. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथले नांदूर मधमेश्वर १९८६ साली पक्षी अभयारण्य झाले. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. बंधाऱ्यात गाळ साचून पाणी उथळ झाले, उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या, आणि त्यांच्या आधाराने पक्षी आले. लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून चालताना तुम्ही पाहिला असेल.

त्याच पाण्यात जलपर्णी आहे. तिच्या देठाचा फुगा दाबून पाहा, आत स्पंज. म्हणून ती तरंगते. एका रोपाला बाजूने दुसरे फुटते आणि साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, हिचं फूल एवढं छान, मग हिला उपटायची कशाला?"

उत्तर असे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिकडे तिला खाणारे भुंगे आहेत, त्यामुळे ती आवाक्यात राहते. फूल सुंदर म्हणून माणसाने तिला देशोदेशी नेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालात पोचली. भुंगे मात्र मागेच राहिले. ते १९८० नंतरच्या दशकात भारतात आणून सोडावे लागले. त्यात शहरांचे सांडपाणी नदीत येते, ते तिला आयते खत. ती पाण्यावर गोधडी पसरते, खाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात.

आपल्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी मासेमारी चालते. त्याचे वडील मला म्हणाले, "बाई, जाळं टाकायला पाणीच दिसंना." गेल्या हंगामात ते दुसऱ्याच्या बागेत मजुरीला गेले. झाडाची बदली माणसाने केली, आणि त्यापायी माणसाचीच बदली झाली.

जलपर्णी वाईट नाही. तिचे अंग तिच्या जागेसाठी फार छान घडलेले आहे. ती चुकीच्या जागी आणली गेली, एवढेच. म्हणून तुम्हांला सांगणे एकच. तिचे रोप घरच्या हौदात, विहिरीत, शेततळ्यात कधीही टाकू नका. दिसली तर मोठ्यांना सांगा. फूल येण्याआधी काढून, पाण्यापासून लांब वाळवून खतात घातली तर ती कामाची आहे.

करून पाहा

१. पेल्यात गरम पाणी घ्या (मोठ्या माणसासमोरच). त्यात जास्वंदीचे पान बुडवा. बुडबुडे पानाच्या कोणत्या बाजूला येतात?

२. जलपर्णीचा देठ पाण्याखाली धरून दाबा. काय बाहेर येते?

३. कांदा उभा कापा. मधला कोंब शोधा आणि त्याच्याभोवती किती थर आहेत ते मोजा.

४. लिंबाच्या डहाळीला आणि निवडुंगाच्या फड्याला एकेक प्लास्टिकची पिशवी बांधा. दुपारी पाहा, कोणत्या पिशवीत थेंब जास्त?

उत्तरे कागदावर लिहून भित्तिपत्रकाच्या पेटीत टाका. येवला, पेठ, सुरगाणा, कुठूनही आलेले असा, आपापल्या गावचे एक झाड आणि ते पाण्याचे कसे भागवते, हेही लिहा. पुढच्या अंकात ते सारे छापू, म्हणजे हाताने लिहू!

— तुमच्या बाई