कृत्रिम पाय मिळतो, मग कुत्रा का नाही?

पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात १९४४ पासून जखमी जवानांना हातपाय बसवून मिळतात आणि त्या खर्चाला कोणी उपकार म्हणत नाही. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातून पाहताना मला खुपतं ते एवढंच, की लढाईच्या आघाताने उडालेल्या झोपेसाठी अशी तरतूद नाही. गोळ्या मिळतात, बाकीचं घरच्यांनी निभवायचं. प्रशिक्षित सहायक कुत्रा नेमका इथे उपयोगी पडतो. तो लळा लावतो हे खरं, पण त्याची कामं ठरलेली असतात: भयस्वप्न पडलं की माजी सैनिकाला जागं करायचं, धास्तीने श्वास चढला की अंगावर रेलून भानावर आणायचं, गर्दीत त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभं राहायचं. इथल्या दादा हयात कलंदरांच्या उरुसात किंवा बिरबलनाथांच्या यात्रेत शिरायची ज्याला धास्ती वाटते, त्याला ती हातभर मोकळी जागा पुरते. बायकोचा रात्रीचा पहाराही सुटतो.

पुरावा? अमेरिकेत २०२४ मध्ये १५६ आजी-माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ जणांकडे असा कुत्रा होता, ७५ जण प्रतीक्षायादीत होते. तीन महिन्यांनी कुत्रा असलेल्यांमध्ये आघातोत्तर तणावाचं निदान कायम राहण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा हुरळून जाऊ नये. तिथल्याच माजी सैनिक खात्याचा आधीचा अभ्यास तर आणखी अडचणीचा: प्रशिक्षित कुत्र्यामुळे लक्षणं थोडी जास्त उतरली, पण रोजच्या कामकाजात फरक दिसला नाही. मात्र तिथे तुलना नुसत्या सोबतीच्या कुत्र्याशी होती, कुत्रा नसलेल्या माणसाशी नव्हती. त्यातून माझा निष्कर्ष असा, की हा कुत्रा डॉक्टरची जागा घेणार नाही. उपचार चालू असताना माणसाला घराबाहेर मात्र काढू शकेल.

आपल्याकडे लोक भटक्या कुत्र्यांना आणि रेबीजला भितात, आणि ती भीती रास्तच आहे. पण लसीकरण झालेला, पट्ट्यात चालणारा, पारखून निवडलेला कुत्रा म्हणजे चौकातली टोळी नव्हे. खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण प्रशिक्षण महिनोन्महिने चालतं. त्यावर सैन्यातली निवृत्त कुत्रीच द्या, असा सोपा तोडगा सुचू शकतो. मला तो पटत नाही. स्फोटकं हुंगण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या म्हाताऱ्या जनावराला नव्याने माणसाचा श्वास ओळखायला लावणं अवघड आहे. मेरठच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरकडून हवं आहे ते प्रशिक्षकांचं कसब. त्यांनी विदर्भाचा मे महिना सोसणारी शांत स्वभावाची कुत्री निवडून मोजक्या माजी सैनिकांबरोबर आधी प्रयोग करावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्याची नोंद ठेवावी, आणि एसटीचा वाहक व बँकेचा रखवालदार दोघेही मानतील असं ओळखपत्र पहिल्याच दिवशी हातात द्यावं.