जिंजीला जायलाच हवं

तिंडिवनम मागे टाकून तिरुवण्णामलईच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भातखाचरं, भुईमुगाची शेतं आणि ताडाची झाडं सुरू होतात. जमीन सपाट, नजरेला आडवं येणारं काही नाही. मग जिंजी गाव येतं आणि त्यामागे एकाएकी डोंगर उठतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर अनोळखी वाटतात. तांबूस ग्रॅनाइटचे घराएवढाले गोल धोंडे एकमेकांवर चढून बसलेले, आणि त्यांच्यामधून तटाची रेघ माथ्यापर्यंत गेलेली. हीच रेघ एका डोंगरावरून उतरते, रस्त्यापाशी येते आणि पलीकडच्या डोंगरावर चढते. आमची बस त्या तटातूनच आत शिरली, तेव्हा किल्ल्याच्या आवाक्याची पहिली कल्पना आली.

तामिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यातला हा किल्ला चेन्नईपासून सुमारे १६० आणि पुदुच्चेरीपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तिथले लोक त्याला सेंजी म्हणतात, आपल्या बखरींत तो चंदी म्हणून येतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा जिंजी. त्या यादीतल्या रायगडावर आणि प्रतापगडावर मराठी माणसांची रीघ असते. जिंजीला मात्र मराठी शब्द क्वचितच कानावर पडतो. ज्या किल्ल्याने स्वराज्य जगवलं, त्याच्या वाट्याला एवढं अंतर येऊ नये.

किल्ला म्हणजे खरं तर तीन डोंगर. पश्चिमेला राजगिरी, उत्तरेला कृष्णगिरी, आग्नेयेला चंद्रगिरी. तिन्हींना जोडणारा तट सुमारे तेरा किलोमीटर लांबीचा, आणि मधल्या मैदानात राजवाडा, तळी, कोठारं, देवळं, मशिदी. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोन घराण्याने इथे पहिली तटबंदी केली असं सांगतात. आज दिसणारी बरीचशी भव्यता विजयनगरच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या नायकांची. १६४९ मध्ये जिंजी विजापूरकरांकडे गेली आणि १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी ती घेतली.

महाराज किल्ला घेऊन थांबले नाहीत. त्या भागातल्या जेझुईट पाद्र्याने १६७८ मध्ये लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की महाराजांनी जुनं बांधकाम पाडून नवे तट उभारले, खंदक खणले, बुरूज चढवले आणि हे काम युरोपातल्या कारागिरांनाही आपलं म्हणायला आवडेल इतकं नेटकं झालं. घरापासून एवढ्या दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च का, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाही असेल. उत्तर बारा वर्षांनी मिळालं.

राजगिरीची चढण सकाळी लवकर सुरू करावी. दुपारनंतर वर सोडत नाहीत, आणि ऊन तापलं की ग्रॅनाइटवर पाय ठेववत नाही. पायऱ्या हजाराहून जास्त आहेत, पण रुंद आणि सोप्या. वाटेत कमलकण्णी अम्मनचं देऊळ लागतं, माकडांच्या टोळ्या लागतात, एकामागून एक दरवाजे लागतात. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती हमखास ओढतात, म्हणून पाण्याखेरीज काही नेऊ नये. माथा अगदी हाताशी आला असं वाटतं, तेवढ्यात डोंगर मधोमध चिरलेला दिसतो. सुमारे सात मीटर रुंद आणि अठरा मीटर खोल फट. आता तिच्यावर पूल आहे. पूर्वी लाकडी पूल होता आणि शत्रू चढून आलाच तर तो काढून घेता येई. मग पलीकडे मूठभर माणसंही पुष्कळ झाली.

पुलापलीकडे रंगनाथाचं देऊळ, कोठारं, घंटाघर आणि एक तोफ. पण पाय खिळतात ते कड्यापाशी. सुमारे अडीचशे मीटर खाली कल्याणमहालाचा निमुळता मनोरा, तळ्यांचं पाणी, तटाचा वेढा आणि त्याबाहेर दूरवर हिरवी शेती दिसते. याच शेतीच्या जागी मोगलांच्या छावण्या पडल्या होत्या.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. लागलीच रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा पडला. राजाराम महाराज एप्रिलमध्ये रायगडावरून निसटले आणि सप्टेंबरात पन्हाळ्याहून वेश पालटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्माने आसरा दिला. बंगळूरपाशी संशय आल्यावर महाराज पुढे निघून गेले, आणि मागे राहिलेल्या खंडो बल्लाळांनी व सोबत्यांनी मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही, असं बखरी सांगतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराज जिंजीत पोचले. त्याच महिन्यात तिकडे रायगड पडला. आता मराठ्यांची राजधानी जिंजी होती. अष्टप्रधानांच्या जोडीला प्रतिनिधी हे नवं पद इथे निर्माण झालं आणि ते प्रल्हाद निराजींना मिळालं.

सप्टेंबर १६९० मध्ये झुल्फिकारखान इथेही येऊन थडकला. त्याने मांडलेलं मोर्चेबंदीचं काम सात वर्षं पुरलं. मोगल सैन्याबरोबर इथे असलेल्या भीमसेन सक्सेनाने आपल्या फारसी ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की खानाने मनात आणलं असतं तर आल्याच दिवशी किल्ला घेता आला असता, पण मोहीम लांबवणं हा सेनापतींचा धंदाच होता. हे सगळंच खरं धरलं तरी मराठ्यांचा वाटा कमी होत नाही. डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव इकडे उतरले. संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला कैद केलं. वेढा घालणाऱ्यांची रसद तुटली, ते स्वतःच वेढले गेले आणि जानेवारीत त्यांना वांदिवाशपर्यंत मागे हटावं लागलं. औरंगजेबाचा मुलगा कामबक्ष मराठ्यांशी बोलणी करतो म्हणून मोगल सरदारांनी आपल्याच शहजाद्याला अटकेत टाकलं, तेही याच डोंगरांखाली.

त्या धामधुमीतला एक कागद मला सगळ्यांत मोठा वाटतो. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना सनद दिली. तीत रायगड घेतल्यावर इतके होन, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर इतके, आणि शेवटी दिल्ली घेतल्यावर इतके, असा वाटा ठरवलेला आहे. स्वतःची राजधानी गेलेली, बादशहाची फौज दारात, आणि सनदेत दिल्लीचा उल्लेख! राजगिरीवर उभं राहून ही सनद आठवावी. अठराव्या शतकातल्या मराठ्यांच्या झेपेचा उगम कुठे आहे ते तिथे समजतं.

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली. तोवर महाराज निसटून गेले होते. मोगल फौजेत असलेल्या शिर्क्यांनी मदत करावी म्हणून खंडो बल्लाळांनी दाभोळच्या वतनावर पाणी सोडलं, असं बखरकार लिहितात. मोगलांची एवढी मोठी फौज इतकी वर्षं इथे अडकून पडली आणि त्या वर्षांत सह्याद्रीतल्या मराठ्यांना श्वास घेता आला.

खाली उतरल्यावर कल्याणमहालात घटकाभर बसावं. चौकाभोवती खोल्या, मधोमध मजल्यामजल्याने निमुळता होत गेलेला मनोरा, आणि पाणी मातीच्या नळांनी खेळवलेलं. शेजारी हत्तींचं तळं, व्यायामशाळा, कमानींच्या छतांची प्रचंड धान्यकोठारं. वेंकटरमणाचं देऊळ जरूर पाहावं. जिंजीतले कोरीव दगडी खांब फ्रेंचांनी पुदुच्चेरीला नेले. आज तिथल्या समुद्रकाठी गांधीजींच्या पुतळ्याभोवती उभे आहेत ते हेच. जिंजी पाहून पुदुच्चेरीला गेलात तर ते खांब लगेच ओळखू येतात.

जिंजी एकट्या मराठ्यांची नाही, हे तिथे गेल्यावर मनापासून पटतं. तामिळ घरांतल्या मुलांना हा किल्ला माहीत असतो तो देसिंगु राजामुळे. मोगलांनी किल्ला ज्या बुंदेल्याच्या हाती दिला, त्या स्वरूपसिंगाचा हा मुलगा तेजसिंग. अर्काटचा नवाब सादतुल्लाखान खंडणीसाठी चालून आला, तेव्हा थोड्याशा स्वारांनिशी हा तरुण समोर गेला आणि ऑक्टोबर १७१४ मध्ये लढता लढता पडला. त्याच्यासोबत त्याचा मित्र महाबतखानही पडला. राजा, त्याची राणी, मित्र आणि नीलवेणी नावाचा घोडा यांची कथा तामिळ लोकगीतांतून घरोघरी गेली. चेट्टीकुळम तळ्याकाठी त्याचं दहन झालं, ती जागा लोक आजही दाखवतात. उत्तरेकडून आलेला राजपूत तामिळ गाण्यांचा नायक झाला, यातच या भूमीचं मोठेपण आहे.

बहुतेक प्रवासी राजगिरी करून परततात. त्यांनी कृष्णगिरी सोडू नये. स्थानिक लोक राजगिरीला राजाचा आणि कृष्णगिरीला राणीचा किल्ला म्हणतात. हा डोंगर बुटका आहे, त्यामुळे चढ कमी, गर्दीही कमी. माथ्यावर घुमटाची देखणी सदर आहे, आणि तेल नि तूप साठवायच्या दगडी विहिरी आहेत. राजगिरीचा संपूर्ण आकार नीट दिसतो तो याच सदरेतून. छायाचित्रं काढायची असतील तर ती इथूनच.

आसपासही पुष्कळ आहे. गावाच्या उत्तरेला तिरुनाथर कुंड्रूवर एका अवाढव्य धोंड्यावर चोवीस तीर्थंकर ओळीने कोरलेले आहेत. मंडगपट्टू इथे पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं लेणं आहे. वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता हे देवालय केलं, असं त्याने तिथल्या लेखात अभिमानाने नोंदवलं आहे. आणि कडलूरजवळचा तो किल्लाही, जो राजाराम महाराजांच्या दरबाराने १६९० मध्ये इंग्रजांना विकला आणि ज्याची हद्द तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवर ठरली. इंग्रजांच्या वतीने तो व्यवहार करणारा मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल. अमेरिकेतलं येल विद्यापीठ याच्याच नावाचं.

पुदुच्चेरी, तिरुवण्णामलई, तंजावर अशी सहल आखणारी कितीतरी मराठी कुटुंबं जिंजीच्या तटातून गाडीने जातात आणि खिडकीतूनच डोंगर पाहतात. त्यांना आग्रहाचं सांगणं एवढंच की इथे एक मुक्काम करा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पहिल्या सकाळी राजगिरी, दुपारी खालचे महाल आणि तळी, दुसऱ्या सकाळी कृष्णगिरी. मुलांना बरोबर न्या आणि निघण्यापूर्वी त्यांना राजाराम महाराजांच्या त्या प्रवासाची गोष्ट सांगा. रायगड, राजगड, पन्हाळा पाहून झाले असतील, तर पुढचा किल्ला जिंजीच असू द्या.